विंड क्विंटेटसाठी अकरा मिनिटांची नवी रचना: सादरीकरणाआधी लेखन तपासायचं आहे

एकसूर (धागाकर्ता)

फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बॅसून या नेहमीच्या पाच वाद्यांसाठी एक रचना लिहून होत आली आहे. वादकांच्या हातात पार्ट (प्रत्येकाचा स्वतंत्र कागद) पडण्याआधी त्यातल्या चुका इथल्या जाणकारांनी दाखवाव्यात म्हणून हा धागा. आराखडा असा:

पहिला भाग: चार मात्रांचे ४६ बार, मिनिटाला ५२ मात्रा, म्हणजे साधारण साडेतीन मिनिटं. पाचही वाद्यं शांततेतून एकेक करून ए४ या एकाच सुरावर येतात (मधल्या सीच्या वरचा ए, ४४० हर्ट्झ). सगळ्यांना 'पीपीपी' (अगदी हळू; 'पीपी', 'पी', 'एमपी', 'एफ' असा आवाज पुढे चढत जातो). बाराव्या बारपासून फ्लूट पाव स्वर वर आणि बॅसून पाव स्वर खाली सरकतो. त्यातून संथ थरथर ऐकू यावी अशी कल्पना आहे.

दुसरा भाग: चार मात्रांचे १२० बार, मिनिटाला १३२ मात्रा. पाव मात्रेच्या स्वरांची एकच धावती ओळ पाच वाद्यांत तुकड्यातुकड्यांनी वाटली आहे. एकाने सोडली की दुसऱ्याने उचलायची.

तिसरा भाग: चार मात्रांचे ४० बार, मिनिटाला ४० मात्रा, म्हणजे चार मिनिटं. ओबो, क्लॅरिनेट आणि बॅसूनवर मल्टिफोनिक (एका वाद्यातून एकदम निघणारे दोन किंवा अधिक सूर), हॉर्नवर नैसर्गिक हार्मोनिक (कळ न बदलता फक्त ओठ-फुंकेने एकाच नळीतून निघणारे सूर). शेवट बॅसूनच्या तळाच्या बी-फ्लॅटवर, आवाज शून्यात विरत जाऊन.

प्रश्न: (१) सुरुवातीला कोणी आधी यावं? (२) दुसऱ्या भागाचा वेग झेपेल का? (३) मल्टिफोनिक कसे लिहावेत? (४) शेवट शक्य आहे का?

---

खालचा ई

पहिल्या भागातली थरथर आधी घेतो, कारण तिथे हिशेबच चुकला आहे.

दोन जवळचे सूर एकत्र वाजले की सेकंदाला जितक्या हर्ट्झचा फरक तितक्या थरथरी ऐकू येतात. ४४० च्या वर पाव स्वर म्हणजे सुमारे ४५३ हर्ट्झ. फरक १३. सेकंदाला तेरा थरथरी म्हणजे संथ लाट नव्हे, खरखर. शिवाय बॅसून पाव स्वर खाली गेला की फ्लूट आणि बॅसून यांच्यात पूर्ण अर्धस्वराचं अंतर पडतं, आणि कानाला ते सरळ दोन वेगळे सूर वाटतात. तुम्हाला सेकंदाला दोन-तीन थरथरी हव्या असतील तर या उंचीवर ८ ते १२ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) पुरे. १० सेंट म्हणजे अडीच हर्ट्झ. त्यामुळे पाव स्वराचं चिन्ह काढून टाका. सुरावर लहान बाण द्या आणि वर शब्दांत लिहा: 'क्लॅरिनेटशी सेकंदाला सुमारे ३ थरथरी'. वादक सेंट मोजत बसत नाहीत, थरथर मात्र अचूक ऐकतात.

आता क्रम. 'शून्यातून' हा शब्द या पाचांत खऱ्या अर्थाने फक्त क्लॅरिनेटला लागू पडतो. ए४ म्हणजे बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला बी४ (हे वाद्य लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतं), जवळजवळ सगळी नळी बंद, करंगळीसकट. रीड (तोंडाशी थरथरणारी वेताची पट्टी) थरथरायला लागण्याआधी हवा सोडता येते आणि सूर नेमका कधी सुरू झाला हे कळतसुद्धा नाही. म्हणून पहिलं क्लॅरिनेटच हवं, दुसरा पर्याय नाही.

दुसरी गोष्ट फ्लूटची. फ्लूटमध्ये फुंक वाढली की सूर चढतो, कमी झाली की उतरतो. क्लॅरिनेटचं बरोबर उलटं: जोर वाढला की उतरतो, हळू वाजवलं की चढतो. दोघांना एकाच सुरावर एकत्र चढता आवाज दिला तर दोघं विरुद्ध दिशांना जातात. प्रत्येकी दहा सेंट सुटले तरी सेकंदाला पाच थरथरी पडतात, आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नसतात. ओठांनी हे सावरता येतं, पण साडेतीन मिनिटांचा भागच त्या एका सुरावर उभा आहे. म्हणून दोघांचा चढ-उतार एकाच वेळी लिहू नका. एक स्थिर, दुसरा हलता.

---

जोडरीड

@खालचा ई, पूर्ण सहमत. त्यात ओबोची बाजू जोडतो.

सगळ्यांना 'पीपीपी' ही या स्कोअरमधली (पाचही ओळी एकत्र असलेल्या कागदातली) सर्वांत मोठी चूक आहे. ओबोला सूर सुरू करायला किमान दाब लागतोच. तेवढा दाब आला नाही तर रीड बोलत नाही, आला की सूर एकदम पूर्ण आकारात उमटतो. ए४ हा ओबोचा त्यातल्या त्यात मवाळ सूर आहे. डी४च्या खाली गेलात तर हळू सुरुवात जवळपास अशक्य. तरीही ओबो एकट्याने शांततेत आला तर सुरुवातीचा काठ ऐकू येणारच. त्याला सर्वांत शेवटी आणा, बाकीचे 'एमपी'पर्यंत पोचलेले असताना, आणि त्याच्या पार्टमध्ये 'पी' लिहा. ऐकणाऱ्याला नवं वाद्य आल्याचं कळत नाही, फक्त सुराचा रंग उजळतो.

श्वासाचा मुद्दा वेगळा. तुमच्या लयीत एक बार ४.६ सेकंदांचा. ओबोला हवा इतकी कमी लागते की तीस सेकंद सूर धरणं अवघड नाही. अडचण उलटी आहे: छातीत जुनी हवा साठून राहते. नवा श्वास घेण्याआधी ती बाहेर टाकावी लागते. म्हणून लांब सुरानंतर ओबोला एक मात्रा विश्रांती पुरत नाही, दोन हव्यात: एक सोडायला, एक घ्यायला. पहिल्या भागात ओबोच्या पार्टमध्ये विश्रांती फार नसतील असं आराखड्यावरून वाटतं. तसं असेल तर पहिली शिक्षा ओबोवादकाला होईल.

---

आडवी फुंक

फ्लूटचं गणित याच्या अगदी उलट. फुंकेचा बराचसा भाग बाहेर वाया जातो, त्यामुळे दम सगळ्यात लवकर संपतो. ए४ हळू वाजवला तर चार बार (साडेअठरा सेकंद) निभावतील, पण तळाच्या सप्तकात जोरात वाजवायचं असेल तर आठ-दहा सेकंदांच्या पुढे भरवसा धरू नये. गोल श्वासाचा (गालातली हवा फुंकत असतानाच नाकाने श्वास घेण्याचा) आधार धरून लिहू नका. कमी हवेच्या, जास्त अडवणुकीच्या ओबोवर तो सोपा, फ्लूटवर सर्वांत कठीण.

उपाय साधा आहे. पाचांच्या श्वासाच्या जागा स्कोअरमध्ये तुम्हीच खुणेने दाखवा आणि कुठल्याही दोघांच्या खुणा एका मात्रेवर येऊ देऊ नका. फ्लूटला दर दोन बारनी, क्लॅरिनेटला चार, बॅसूनला तीन, ओबोला पाच, असं विषम ठेवलं तर सूर तुटत नाही. खूण आली की सूर आधी हळू करत सोडायचा आणि परत हळूच धरायचा, हेही लिहा. नाहीतर प्रत्येक श्वासानंतर जिभेचा टोला ऐकू येतो.

बाणांबद्दल: फ्लूट आत वळवली की सूर उतरतो, बाहेर वळवली की चढतो. दहा-पंधरा सेंट दोन्हीकडे आरामात मिळतात. क्लॅरिनेटला मात्र ओठ सैल करून खाली जाणं सोपं, वर जाणं अवघड. त्यामुळे हलणारं वाद्य फ्लूट ठेवलंत हे बरोबर केलंत.

---

उजवा हात

हॉर्नबद्दल कोणी बोललं नाही अजून. त्यातच तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या भागाची सांगड दडलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऐकू येणारा ए४ म्हणजे एफ हॉर्नच्या पार्टमध्ये लिहिलेला ई५. दुहेरी हॉर्नवर (एफ आणि बी-फ्लॅट अशा दोन नळ्या एकाच वाद्यात) तो दोन प्रकारे निघतो. बी-फ्लॅट बाजूला, दुसरा व्हॉल्व्ह दाबून: हा आठवा हार्मोनिक, सुरात बसणारा. एफ बाजूला, एकही व्हॉल्व्ह न दाबता: हा दहावा हार्मोनिक, आणि तो बाकीच्यांच्या ए४ पेक्षा १४ सेंट उतरलेला असतो. एफ नळीचा मूळ सूर ४३.६५ हर्ट्झ, त्याची दहापट ४३६.५. बाकीचे ४४० वर असतील तर सेकंदाला साडेतीन थरथरी. तुम्हाला हवी ती संथ लाट हॉर्नमध्ये आयती आहे. वादकाने फक्त अंगठ्याने बाजू बदलायची.

मग लिहायचं असं: आधी 'बी-फ्लॅट बाजू, २', मग त्याच सुरावर 'एफ बाजू, मोकळा, सुधारू नका'. 'सुधारू नका' हे शब्द गाळू नका. उतरलेला दहावा हार्मोनिक ओठ आणि हाताने वर ओढायची सवय हॉर्नवादकांच्या अंगात इतकी भिनलेली असते की सांगितलं नाही तर तो आपोआप जागेवर येईल आणि थरथर नाहीशी होईल.

प्रवेशाचं म्हणाल तर या उंचीवर हार्मोनिक जवळजवळ असतात. एकदम हळू सुरुवात केली की शेजारच्या सुरावर घसरण्याची भीती. हॉर्नला ओबोच्या आधी पण फ्लूट-क्लॅरिनेट स्थिर झाल्यावर आणा, 'पी' द्या, आणि आधी किमान एक पूर्ण बार विश्रांती ठेवा म्हणजे सूर मनात ऐकून घेता येतो.

तिसऱ्या भागासाठी एफ बाजूचे मोकळे सूर, ऐकू येणाऱ्या उंचीत: चौथा एफ३, पाचवा ए३ (१४ सेंट खाली), सहावा सी४, सातवा ई-फ्लॅट४ (३१ खाली), आठवा एफ४, नववा जी४ (४ वर), दहावा ए४ (१४ खाली), अकरावा बी४ (४९ खाली, म्हणजे बी आणि बी-फ्लॅट यांच्या जवळजवळ मधोमध), बारावा सी५. सातवा आणि अकरावा हे तुमचे मोहरे. पण सातवा वाजत असताना दुसऱ्या कुणाला साधा ई-फ्लॅट४ दिला तर ३०५.६ आणि ३११.१, सेकंदाला साडेपाच थरथरी. ती हवी असेल तर लिहा, नको असेल तर त्या क्षणी बाकी चौघांना त्या सुरापासून दूर ठेवा.

---

एकसूर

@उजवा हात, बाजू बदलून तोच सूर हलतो हे माझ्या आराखड्यात अजिबात नव्हतं. पहिल्या भागाचा मधला टप्पा आता त्यावरच बांधतो.

हात भोंग्यात पूर्ण कोंबून बंद सूर आणि म्यूट (भोंग्यात खोचायचा बूच) यातलं काय घ्यावं? तिसऱ्या भागात दोन्ही लिहिले आहेत.

---

उजवा हात

बंद हात अर्ध्या सेकंदात लागतो आणि सुटतो. म्यूट उचलून, आवाज न करता बसवायला चार-पाच सेकंद धरा, तुमच्या मिनिटाला ४० च्या लयीत तीन ते चार मात्रा. पूर्ण बंद हाताने सूर अर्धस्वर वर जातो, वादक तो अर्धस्वर खालच्या बोटांनी भरून काढतो. हा हिशेब त्याच्यावर सोडा. तुम्ही ऐकू यायला हवा तो सूर नेहमीसारखाच लिहा आणि वर अधिकचं चिन्ह द्या. खालच्या सप्तकात बंद हात नीट बसत नाही, सूर डगमगतो. तिथे म्यूट घ्या.

आणि मोकळ्या हार्मोनिकांच्या मधोमध बंद हात लिहू नका. हाताने नळीची लांबीच बदलल्यासारखी होते, मग वर दिलेले सेंट लागू राहत नाहीत.

---

अंगठ्याच्या कळा

दुसरा भाग. मिनिटाला १३२ मात्रा, मात्रेत चार स्वर, म्हणजे सेकंदाला ८.८. रीडच्या तिन्ही वाद्यांवर एकेरी जिभेने (प्रत्येक स्वराला जिभेचा तोच एक टोला) सलग वाजवायला हा वेग काठावरचा आहे. चांगला वादक दोन-तीन बार काढेल, वीस बार नाही. फ्लूट आणि हॉर्नवर दुहेरी जीभ (त-क असे आळीपाळीचे टोले) नेहमीची गोष्ट. ओबो, क्लॅरिनेट, बॅसूनवर ती येणारे आहेत, पण येतेच असं धरून लिहू नये. तुमची ओळ वाटलेली असल्याने प्रत्येकाला चार-पाच स्वर आणि मग श्वास मिळतो, त्यामुळे मुळात अशक्य काही नाही. जिथे एकाच रीडवाद्याला एका बारपेक्षा जास्त सलग दिलंय तिथे दोन स्वर जोडून, दोन सुटे करा. वेग तोच वाटतो, जिभेचे चारातले तीनच टोले उरतात.

खरी अडचण बोटांची. बॅसूनच्या डाव्या अंगठ्याला आठ-नऊ कळा सांभाळायच्या असतात. बी-फ्लॅट१ ते डी२ या पट्ट्यात झपाट्याने जोडून जाणारी कुठलीही ओळ अडखळते. सी-शार्प२ ते डी-शार्प२ जोडून तर लिहूच नका, दोन्ही कळा डाव्या करंगळीवरच आहेत. ओबोवर बी-फ्लॅट३ ते बी३ डाव्या करंगळीवर आणि सी४ ते सी-शार्प४ उजव्या करंगळीवर, तिथेही तेच घसरणं. क्लॅरिनेटवर लिहिलेल्या ए४–बी४ च्या सीमेवर वरखाली करणाऱ्या ओळी टाळा. सीमा एकदा ओलांडून तिकडेच राहणारी ओळ चालते.

आता ओळ एकाकडून दुसऱ्याकडे जाते त्या सांध्याबद्दल. तुम्ही शेवटचा स्वर एकाला आणि पुढचा स्वर दुसऱ्याला असं काटेकोर वाटलं असेल तर सांधा उघडा पडेल. घेणाऱ्याचा पहिला स्वर देणाऱ्याच्या शेवटच्या स्वरावर चढवा, म्हणजे तो एक स्वर दोघांनी मिळून. आणि प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या गतीने उमटते हे लक्षात ठेवा. ओबो आणि बॅसून चटकन बोलतात. फ्लूटचं तळाचं सप्तक सावकाश. हॉर्नचा भोंगा मागे तोंड करून असतो, भिंतीवरून येणाऱ्या आवाजामुळे तो किंचित मागे पडल्यासारखा वाटतो. ओबोकडून तळातल्या फ्लूटकडे जाणारा सांधा सर्वांत अवघड. फ्लूट सप्तकभर वर न्या, प्रश्न मिटतो.

---

आडवी फुंक

वरच्यात एक भर. आवाजाची पातळीही सांध्यावर बदलून लिहा. तळातल्या फ्लूटला 'एफ' आणि त्याच जागी ओबोला 'एमपी' लिहिलं तर कानाला ते सारखं लागतं. स्कोअर डोळ्यांना विचित्र दिसेल, दिसू द्या.

आणि १२० बार पाचहीजण सतत पळत असतील तर हॉर्नवादकाचे ओठ तिसऱ्या भागाआधीच थकतात. १९६८ साली लिगेटीने विंड क्विंटेटसाठी लिहिलेल्या दहा तुकड्यांची मांडणी बघा: सम क्रमांकाचे तुकडे एकेका वाद्याला पुढे आणतात, दुसरा क्लॅरिनेटला, चौथा फ्लूटला, सहावा ओबोला, आठवा हॉर्नला, दहावा बॅसूनला. ऐकणाऱ्याला वेगळेपणा मिळतो तो मिळतोच, बाकीच्यांना ओठ सोडायला वेळही मिळतो. तुमच्या दुसऱ्या भागात साधारण ६० ते ८० बारमध्ये हॉर्नला पूर्ण काढून टाका. चार वाद्यांचा तो पातळ पट्टा झाल्यावर हॉर्न परत येईल तेव्हा त्याचं येणं कळेल तरी.

---

एकसूर

याच ओघात एक विचारतो. लिगेटीच्या त्या रचनेत फ्लूटवादक पिकोलो आणि आल्टो फ्लूट घेतो, ओबोवादक ओबो दामोर आणि कोर आंग्ले (ओबोचीच खालच्या सुरांची भावंडं). तिसऱ्या भागात आल्टो फ्लूट आणि कोर आंग्ले घ्यावी का?

---

जोडरीड

दुसरा भाग संपताच तिसरा सुरू होत असेल तर नको. हातातलं ठेवणं, दुसरं उचलणं, कोर आंग्लेची रीड ओली करून बसवणं, याला किमान दहा-बारा सेकंद. शिवाय स्टँडवर वीस मिनिटं पडलेलं वाद्य गार असतं आणि गार वाद्य उतरलेलं असतं. दर अंश सेल्सिअसला सुमारे ३ सेंट सूर हलतो. हॉर्नचे सेंट इतक्या बारकाईने मांडायचे आणि शेजारी गार कोर आंग्ले ठेवायची, हे जमणार नाही. ज्यांच्याकडे वाद्यं आहेत त्यांच्यापुरती रचना मर्यादित होते ते वेगळंच. पाच वाद्यांवर ठेवा.

---

खालचा ई

तिसऱ्या प्रश्नाकडे. मल्टिफोनिक म्हणजे विशिष्ट बोटं आणि दाबाने एका नळीतून दोन किंवा अधिक सूर एकदम काढणं. लिहिताना चार गोष्टी पार्टमध्ये हव्यातच: बोटांची आकृती, ऐकू येणारे ठळक दोन सूर, ज्या पातळीत तो निघतो ती पातळी, आणि न निघाल्यास वाजवायचा एक साधा सूर. चौथी गोष्ट बहुतेक जण गाळतात. रीड बदलली, ओलावा बदलला की कालचा मल्टिफोनिक आज निघत नाही. तेव्हा वादकाने काय करायचं हे आधी ठरलेलं हवं.

आकृती कुठल्या वाद्याची तेही लिहा. जर्मन हेकेल पद्धतीच्या बॅसूनची बोटं फ्रेंच बॅसूनवर चालत नाहीत. बोहम क्लॅरिनेटची ओहलर पद्धतीवर चालत नाहीत. एका वादकाकडून तपासून घेतलेली आकृती दुसऱ्याच्या वाद्यावर पाच-दहा सेंट इकडेतिकडे जाईल, कधी वेगळंच काही देईल.

ओबो आणि बॅसूनचे मल्टिफोनिक घट्ट, दाट आणि बऱ्यापैकी भरवशाचे, पण बहुतेकांना हळू सुरुवात जमत नाही. क्लॅरिनेटवर दोन जाती आहेत. एक जोरकस, दाट. दुसरी अगदी मवाळ, दोनच सुरांची, शून्यातून येणारी. तुमच्या तिसऱ्या भागाच्या लयीला दुसरी जात शोभेल. तिघांना एकाच मात्रेवर मल्टिफोनिक देऊ नका. तीन दाट ढीग एकत्र आले की कुणाचाच आतला रंग कळत नाही, आणि हॉर्नचा सातवा हार्मोनिक त्याखाली गाडला जातो. एकाचा मल्टिफोनिक, दुसऱ्याचा त्यातलाच एक सूर साधा धरलेला, बाकीचे गप्प, असं करून बघा. मल्टिफोनिकच्या आतला सूर बाहेर काढून दाखवल्यासारखं होतं.

सुरुवातीला अर्धी मात्रा 'मोकळी' ठेवा. सूर फुटून जमायला तेवढा वेळ लागतो. ठोक्यावर नेमका लिहिलात तर तो नेहमी उशिरा आला असंच वाटेल.

---

अंगठ्याच्या कळा

शेवटच्या बी-फ्लॅटचं: नाही होणार. बॅसूनचा तळाचा बी-फ्लॅट१ पूर्ण नळी वापरतो. रीड सैल आणि हवा भरपूर लागते, बोलतो तो धक्क्यानेच. 'एमपी'च्या खाली सुरू करणं जिकिरीचं आणि विरवत नेलं तर सूर मध्येच बंद पडतो, किंवा वरच्या सप्तकात उडी मारतो. भोंग्यात कापड कोंबून आवाज दाबायची युक्ती इथे उलटते, कारण हा सूर भोंग्यातूनच बाहेर पडतो. कापड घातलं की तोच हरवतो.

नील्सनने १९२२ च्या क्विंटेटच्या शेवटी बॅसूनला त्याहूनही अर्धस्वर खालचा ए मागितला आहे. त्यासाठी भोंग्यात नळी खोचून लांबी वाढवावी लागते, आणि नळी असेपर्यंत बी-फ्लॅट मिळत नाही. पण तिथे तो सूर ठामपणे वाजवायचा आहे, विरवायचा नाही.

तुमच्यासाठी: बॅसूनला बी-फ्लॅट१ 'एमपी', दोन मात्रांचा, नीट संपवलेला द्या. तो वाजत असतानाच क्लॅरिनेट बी-फ्लॅट३ शून्यातून धरेल. बॅसूनचा सूर संपला तरी त्याच्या वरच्या दोन सप्तकांतली सावली क्लॅरिनेटमध्ये उरते. आणि क्लॅरिनेट हवं तितकं विरू शकतं. चार मात्रा, सहा मात्रा, काय हवं ते लिहा.

---

पानउलट

लेखनावर चर्चा चांगली झाली. आता कागद.

स्कोअर ऐकू येणाऱ्या सुरांत ठेवा आणि पहिल्या पानावर तसं ठळक लिहा. पार्ट मात्र वाद्याप्रमाणे: बी-फ्लॅट क्लॅरिनेट मोठ्या दुसऱ्या स्वराने वर, एफ हॉर्न पंचमाने वर. हॉर्नला बास क्लेफमध्ये (खालच्या सुरांसाठीच्या खुणेत) लिहावं लागलं तर 'याही क्लेफमध्ये पंचमाने वर' हे लिहाच. जुन्या पद्धतीत बास क्लेफमधला हॉर्न ऐकू येणाऱ्या सुरापेक्षा चौथ्याने खाली लिहिला जायचा, आणि खुलासा नसेल तर वादकाला अंदाज करावा लागतो.

पार्टमध्ये सुरांच्या पाच रेघांची पट्टी ७ मिलिमीटर उंचीची. ६ च्या खाली गेलात तर बाण आणि अधिकचिन्हं दिसत नाहीत. पान उलटायला किमान तीन सेकंदांची विश्रांती पानाच्या शेवटी. दुसऱ्या भागात ती मिळणार नसेल तर तीन पानं घडी घालून उघडी ठेवता येतील अशी मांडणी करा. ओळ दुसऱ्याकडून येते तिथे त्याचे शेवटचे दोन-तीन स्वर छोट्या टाइपात घेणाऱ्याच्या पार्टमध्ये छापा. हे एवढं केलं तरी पहिल्या तालमीतला अर्धा तास वाचतो.

पहिल्या भागात पाचही पार्टमध्ये तोच सूर, तोच आकार. नजर हरवते. दर पाच बारनी तालीम-अक्षर (तालमीत 'इथून सुरू' सांगायची खूण) द्या.

---

जोडरीड

तालमीबद्दल थोडक्यात. पहिली तालीम फक्त मल्टिफोनिक आणि हॉर्नच्या हार्मोनिकांवर घ्या, रचना पुढे वाजवायचीच नाही. दुसरी निम्म्या लयीत, दुसऱ्या भागाचे सांधे. पहिला भाग पुढच्या तालमींत, वाद्यं गरम झाल्यावर, कधीही सुरुवातीला नाही. बसायला अर्धवर्तुळ: एका टोकाला फ्लूट, समोरच्या टोकाला क्लॅरिनेट, म्हणजे तुमच्या सुराचे दोन हलणारे बिंदू एकमेकांना बघतील. मध्ये मागे हॉर्न, त्याच्या मागची भिंत फार जवळ नको. सुरुवातीचा इशारा क्लॅरिनेटवादकाने श्वासाने द्यायचा, लयीत, एक मात्रा आधी.

एकाच सुरावर टिकण्याचं काय हा प्रश्न मनात असेल तर कार्टरचा १९५० चा वुडविंड क्वार्टेटसाठीचा (फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून) सातवा एट्यूड (छोटा अभ्यास-तुकडा) एकाच जी या सुरावर आहे. आवाजाची पातळी, सुरुवातीचा टोला आणि रंग एवढ्यावर तो पूर्ण उभा राहतो. हॉर्न त्यात नाही. तुमच्याकडे आहे.

---

एकसूर

सगळ्या प्रतिसादांवरून पहिले अकरा बार पुन्हा लिहिले:

बार १: क्लॅरिनेट, शून्यातून, बार ४ ला 'पी'. बार ३: फ्लूट 'पीपी', स्थिर. बार ५: बॅसून 'पी', क्लॅरिनेट 'एमपी'वर असताना. बार ७: हॉर्न 'पी', बी-फ्लॅट बाजू. बार ९: ओबो 'पी', बाकीचे 'एमपी'. बार ११: हॉर्न त्याच सुरावर एफ बाजूला, 'सुधारू नका'. फ्लूटचे बाण त्यानंतर. बॅसूनचं खाली सरकणं काढून टाकलं. श्वासाच्या खुणा पाचही ओळींत विषम.

एक शंका: बार ५ ला बॅसूनचा ए४ तसा उंच. 'पी' सुरुवात सुरक्षित आहे का?

---

अंगठ्याच्या कळा

आहे, पण बार ३ आणि ४ पूर्ण विश्रांती ठेवा आणि आधी वादक खालच्या सप्तकात काही वाजवत नसेल याची खात्री करा. तळातून एकदम ए४ वर यायचं तर ओठ बदलावे लागतात आणि पहिला सूर फुटतो. शांततेतून थेट ए४ आला तर जमतो. आणखी हवं तर बॅसून आणि हॉर्नची जागा बदलू नका, पण बॅसूनला जिभेऐवजी फक्त फुंकेने सुरुवात असं लिहा. सूर एक क्षण उशिरा येईल, या लयीत ते कळणार नाही.